अथेन्समधला ओणवा धावपटू

पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमधल्या, म्हणजे 1896 सालच्या अथेन्समधल्या, 100 मीटर शर्यतीचा एक फोटो प्रसिद्ध आहे. सगळे गडी रेषेवर आपापल्या परीने उभे आहेत. एकटा थॉमस बर्क मात्र दोन्ही हात जमिनीला टेकवून ओणवा झालाय. बोस्टनमध्ये कायदा शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने 100 मीटर 12 सेकंदांत जिंकली आणि 400 मीटरही मारली. 12 सेकंद ही वेळ तेव्हाच्या मानानेही काही फार भारी नव्हती, पण ट्रॅकच भुसभुशीत होता.

ओणवं होण्याची युक्ती बर्कची नव्हे. येल विद्यापीठाचा चार्ल्स शेरिल 1888 पासूनच तशी सुरुवात करत होता आणि ती त्याला माइक मर्फी या प्रशिक्षकाने शिकवली, असं मानतात. इथे एक गंमत आहे. कॉलेजची पोरं ‘हौशी’, म्हणजे पैशासाठी धावणं त्यांना वर्ज्य. इंग्लंडमधल्या 1866 च्या एका नियमात तर कारागीर आणि मजूर यांना हौशी खेळाडू मानायलाच नकार होता! मर्फी मात्र तरुणपणी पैशासाठीच धावलेला. सोवळ्यातल्या मंडळींना धावायला शिकवलं ते बाजारात धावून आलेल्या माणसाने.

आता ओणवं का व्हायचं? थांबलेल्या एसटीने एकदम झटका दिला की उभे प्रवासी मागे कोलमडतात, कारण बस पाय पुढे ओढते आणि धड जागीच राहू पाहतं. धावपटूचंही तेच. तो पायाने जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे ढकलते, पण हा धक्का बसतो तळपायाला. शरीर ताठ असेल तर ते मागे कलंडणार. म्हणून शरीराचा भार पावलांच्या बराच पुढे झुकलेला हवा. प्रवेग, म्हणजे वेग वाढण्याचा दर, जितका जास्त, तितका झुकाव जास्त. हा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाइतका झाला, तर भारमध्य (जिथे शरीराचा सगळा भार एकवटलाय असं धरता येतं तो बिंदू) आणि पाऊल यांना जोडणारी रेषा 45 अंशांत कलायला हवी. उभ्याने सुरुवात करणाऱ्याला आधी झुकावं लागतं, मग जोर लावता येतो. ओणव्याचं झुकणं शिट्टीआधीच उरकलेलं असतं. शिवाय गुडघे दुमडलेले असल्याने पाय सरळ होईपर्यंत रेटायला लांब अंतर मिळतं.

खो-खोत पाटीत बसलेला गडी हात टेकून, अंग पुढे घेऊन कसा बसतो ते आठवा. खो मिळाला की तो उठून उभा राहत नाही, थेट पुढे झेपावतो.

पाय घसरू नयेत म्हणून धावपटू ट्रॅकमध्ये खड्डे खणत. 1936 साली बर्लिनमध्ये जेसी ओवेन्सनेही छोट्या खुरप्याने स्वतःचे खड्डे स्वतःच खणले. ऑलिंपिकमध्ये स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे पाय रेटायचे ठोकळे, आले ते 1948 साली, लंडनला.