तुटण्यासाठीच बसवलेली कडी

माण-खटावच्या मुरमाड रानात रोटाव्हेटर दगडाला अडला की शिअर बोल्ट तुटतो. शेतकरी दोन शिव्या घालतो, नवा बोल्ट टाकतो, पण गिअरबॉक्स वाचतो. खोल समुद्रातून खनिज खरवडून आणणाऱ्या ड्रेजचा जीवही अशाच एका कडीत असतो.

‘समुद्रतळाशी कोबाल्टचा खजिना’ ही बातमी वाचून वाटतं, पाट्या भरायच्याच बाकी आहेत. हा कोबाल्ट ज्यांत असतो ते मँगनीजचे गोटे खरंच चिखलावर सुटे पडलेले असतात. ‘गवेषणी’ जहाजानं १९८१ मध्ये हिंदी महासागरातून ते वर काढले. बुडालेल्या डोंगरांवरचं लोह-मँगनीजचं कवच मात्र खडकाला घट्ट चिकटलेलं असतं. पाचगणीचा जांभा खालचाच बेसॉल्ट कुजून झाला. हे कवच तसं नाही; ते पाण्यातून खडकावर साचतं, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर.

ड्रेज म्हणजे दातेरी पोलादी चौकट आणि मागं साखळ्यांची पिशवी. चिखल गळतो, दगड राहतात. जहाज ताशी एक सागरी मैलाच्या आसपास चालवत ती उताराच्या खालून वर ओढायची, म्हणजे दात खडकाच्या कडेत शिरतात. खाली काय चाललंय ते ओढणाऱ्या तारेच्या ताणमापकावरच कळतं. लाटेबरोबर काटा सावकाश डोलतो. दात बसले की उसळतो. मात्र १४ मिलिमीटरच्या पाच किलोमीटर तारेचं पाण्यातलं वजनच तीन टनांवर जातं, तिथं लहान हिसका त्यात हरवतो. दोन हजार मीटरवर तो स्पष्ट दिसतो.

चौकटीला ओढणारे दोन हात असतात, त्यातल्या एकात ही कमजोर कडी. ड्रेज फटीत रुतली, ताण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की कडी तुटते. मग सगळी ओढ एकाच हातावर येते, चौकट आडवी फिरते आणि बहुतेक वेळा सुटते. कडी फार मजबूत असेल तर मुख्य तार तुटून डेकवर चाबकासारखी येते. म्हणून ओढ चालू असताना मागच्या डेकवर कुणी थांबायचं नाही. फार कच्ची असेल तर पहिल्याच घासाला तुटते, पिशवी कलंडते, नमुना सांडतो. तार गरजेपेक्षा जास्त सोडली तर तळावर तिची वेटोळी होतात; पीळ बसलेली तार निम्म्या ताणालाही दगा देते.

वर आलेला प्रत्येक दगड धुऊन आधी त्याच्या कडा बघायच्या. सगळीकडून कवचानं काळा असेल तर तो उतारावर आधीच पडलेला धोंडा. एका बाजूला ताजा, कोरा तुटलेला पृष्ठभाग असेल, तरच तो मूळ खडकातून निघालेला.