वर्षं मोजली, कौशल्य राहिलं

१८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हा कामगार कितवी शिकलाय हे कुणी विचारत नसे. चालत्या यंत्रावर तुटलेला धागा बोटांनी चटकन सांधायचा, आणि हे शिकायचं ते शेजारी उभ्या असलेल्या जुन्या कामगाराकडे बघून. पुढे कामठीचे मँगनीज खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला मोठी देणगी ठेवली. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एलआयटी) उभी राहिली.

अर्थशास्त्राला या सगळ्याचा हिशेब लावायला वेळ लागला. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये दाखवलं की १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेत कामाच्या दर तासामागे जे उत्पादन वाढलं, त्याचा जवळजवळ सात-अष्टमांश भाग भांडवलाच्या वाढीतून आलेला नाही. मग आला कुठून? थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी साठच्या दशकात शिक्षणाकडे बोट दाखवलं. माणसाच्या अंगातल्या ज्ञान-कौशल्यासाठी 'मानवी भांडवल' हा शब्द तेव्हापासून रुळला.

पण हे भांडवल मोजायचं कशात? शाळेतली वर्षं हाताशी होती, म्हणून तीच मोजली गेली. म्हणजे कुठल्याही देशातली, कुठल्याही शाळेतली सहावी सारखीच! अर्थतज्ज्ञ एरिक हनुशेक यांनी नेमकं हेच खोडून काढलं. २००० साली डेनिस किमको यांच्यासोबत, नंतर लुडगर व्होसमान यांच्यासोबत त्यांनी आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचण्यांचे गुण वाढीच्या दराशी ताडून पाहिले. १९६० ते २००० मधल्या ५० देशांत जिथे गुण एका प्रमाण विचलनाने (गुण सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) जास्त, तिथे दरडोई उत्पन्नवाढीचा वार्षिक दर सुमारे दोन टक्के-बिंदूंनी जास्त दिसला. गुण हिशेबात घेतले की नुसत्या वर्षांचा प्रभाव जवळपास उरत नाही. हा संबंध कार्यकारण आहे का, यावर वाद आहेच.

आपल्याकडे हे पटायला फार लांब जावं लागत नाही. मुलांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या 'असर'च्या २०१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता आला. वर्षं मात्र पाचही भरलेली.

मला खटकतं ते वेगळंच. मिलमधल्या त्या बोटांची नोंद शाळेच्या वर्षांत नव्हती, आणि ती हनुशेक यांच्या चाचण्यांतही नसती. आज नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग जुळतात. तिथल्या फिटरला मोजमाप वाचता यायला हवं, हे चाचणी ओळखेल. त्याचा हात किती बसलाय, ते मात्र अजूनही सुपरवायझरच सांगतो.