चर्च उभे राहते, बंगला मात्र पडतो

वायल्डर मेमोरियल चर्चचे नाव कोल्हापुरात बहुतेकांच्या कानावर असते. वायल्डर कोण, असे विचारले की गाडी अडते. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी. १८४६ मध्ये ते हिंदुस्थानात आले, आधी अहमदनगरला राहिले आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात पोचले. गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या, उठावाला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि संस्थानच्या कारभारावर इंग्रजांचा वरचष्मा होता. गोरा पाद्री गावात बिऱ्हाड करतोय म्हटल्यावर भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल. वायल्डरांनी शाळा काढल्या. पुढे ज्या मंडळाने पाठवले त्याच्याशीच त्यांचे फाटले, तेव्हा ते स्वतःच्या हिमतीवर काम करत राहिले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने ते पत्करले. १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा एक प्रणेता ठरला.

अशा मिशनांचा खरा संसार चालायचा तो पाळकांच्या बंगल्यात. पत्रव्यवहार, पाहुणे, तंटे, सगळे तिथेच. पण जपणुकीची गोष्ट निघते तेव्हा सगळे चर्चकडे पाहतात. तिथे दर रविवारी माणसे जमतात, त्यामुळे गळती लगेच दिसते. बंगल्याच्या बंद खोलीतली ओल वाशापर्यंत पोचली तरी कोणाला कळत नाही.

जुन्या भिंतीला पावसाइतकाच धोका दुरुस्तीचा असतो. आपला काळा दगड पाणी फारसे पीत नाही. ओल मुरते ती दरजांमधल्या चुन्यात आणि तिथूनच उडून जाते. त्या दरजा सिमेंटने लिंपल्या की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि आतला गिलावा गुडघाभर उंचीपर्यंत पोपडे धरतो. मग त्यावर ऑइलपेंट. म्हणजे आगीत तेलच! त्यापेक्षा सिमेंट हलक्या हाताने खरवडून पुन्हा चुना भरावा. काम वेळखाऊ आहे, आणि चुन्याचा हात असलेला गवंडी शोधावा लागतो.

कौलांचेही तेच. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगळुरात निघाला, तोही बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या मिशनच्या माणसाने. चार कौले फुटली म्हणून सगळे छप्पर उतरवून पत्रा घालण्यापूर्वी एखादे कौल उलटे करून पाहावे. पाठीवर कारखान्याचे नाव उमटवलेले असते.