आधी दफ्तरात, मग कानावर: काझी, फतवा, वक्फ या शब्दांची पार्श्वभूमी

निपाणीच्या तंबाखू बाजारात हयात गेलेल्या माणसाला जकात म्हणजे काय विचारा, तो जुन्या नाक्याकडे बोट दाखवेल. गाडी अडवून मालावर पूर्वी घेत तो कर म्हणजे जकात. त्याच्या शेजारच्या मुसलमान घरात मात्र जकात म्हणजे वर्षाचा हिशेब करून गरिबांना द्यायचा वाटा. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी हे त्याचे माप, त्याला निसाब म्हणतात. तेवढ्या किमतीची शिल्लक वर्षभर हाती राहिली तर तिच्यावर अडीच टक्के. ती कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणातच सांगितले आहेत. शेतमालाचा हिशेब वेगळा आणि त्याचे नावही वेगळे, उश्र: पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि विहिरीचे पाणी ओढून काढलेल्या पिकाचा विसावा.

दोन्ही अर्थ खरे आहेत. फरक पडला तो वाटेमुळे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माणसाकडे इस्लामी धर्मशास्त्रातले बरेच शब्द धर्मग्रंथातून आले नाहीत, ते दफ्तरातून आले. हक्क, कायदा, वारस, दावा, वकील, जामीन, मयत, करार, शर्त, तक्रार ही सगळी अरबी मुळाची मंडळी. उताऱ्यावर वारस लावायला तलाठ्याकडे गेलेला कुणीही ती दिवसातून चारदा वापरतो. अडचण होते ती बातम्यांत शरीयत, फतवा, वक्फ असे काही आले की. शब्द ओळखीचा वाटतो, आणि आपण त्याचा दफ्तरी अर्थ धर्माला चिकटवून मोकळे होतो.

दफ्तराची गोष्ट साडेपाचशे वर्षांची आहे. १४७० च्या दशकात बहमनींचा वजीर महमूद गावान याने बेळगाव घेतले. बहमनी राज्य फुटल्यावर हा भाग विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. बेळगावच्या किल्ल्यातली साफा मशीद त्या काळातली. किल्लेदार असदखान लारीशी तिचे नाव जोडलेले आहे. (त्याच किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती उभी आहे, हेही जाता जाता पाहून यावे.) शुक्रवारच्या दुपारच्या नमाजाआधी मशिदीत जे प्रवचन होते तो खुतबा, आणि ते देणारा खतीब. जुन्या काळी खुतब्यात राज्यकर्त्याचे नाव घेत, त्यामुळे खुतबा ही राजकारणाचीही गोष्ट होती. आदिलशाहीत तो शियांच्या पद्धतीने वाचायचा की सुन्नींच्या, हे गादीवर कोण बसला त्यावर पालटत राहिले. युसुफ आदिलशहाने तो शिया केला, १५३४ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिमने सुन्नी, त्याच्या मुलाने पुन्हा शिया.

याच पहिल्या इब्राहिमने आपल्या दृष्टीने त्याहून मोठे काम केले. महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत, म्हणजे या बाजूला मुख्यतः मराठीत आणले. लिहिणारे कारकून ब्राह्मण, लिपी मोडी, पण पारिभाषिक शब्द अरबी-फारसी तसेच राहिले. राज्य बदलले तरी ती घडी मोडली नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून संस्कृत प्रतिशब्द दिले, तरीही पेशव्यांच्या कागदांवर चांद्र तारखा रजब, रबिलावल, जिल्हेज अशाच पडत राहिल्या आणि सालही अरबी संख्याशब्दांत. 'इसन्ने खमसैन मया व अलफ' असे लिहिले की समजायचे ११५२, शुहूर सन (दख्खनच्या दफ्तरातली कालगणना), आपले १७५१-५२.

काझीही असाच दफ्तरात भेटलेला माणूस. शास्त्रात काझी म्हणजे न्यायाधीश. दख्खनमध्ये वतनाचा तंटा उभा राहिला की मजालस भरे. तिथे देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे यांच्याबरोबर काझीही बसे, आणि निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. दोन पाटलांचे भांडण असले तरी महजरावर काझीचा शिक्का असे. म्हणजे त्याच्याकडे केवळ मुसलमानांचे निकाह-तलाक होते हा समज अलीकडचा आहे. गावपातळीवर मुलाणी असे. बलुत्यावर जगणारा, मशिदीची देखभाल करणारा आणि बकरे हलाल करून देणारा. गावातल्या हिंदूंनाही जत्रेच्या बकऱ्यासाठी तोच लागे. आजच्या मतदार यादीत काझी, खतीब, मुल्ला, मुजावर, पीरजादे, इनामदार ही आडनावे दिसतात ती त्या जुन्या कामांची. मुजावर म्हणजे दर्ग्याचा सेवेकरी, पीरजादे म्हणजे पिराच्या वंशातले.

आता ग्रंथाकडे. शरीयत आणि फिक यांत गल्लत करू नये. शरीयत हा ईश्वराने घालून दिलेला मार्ग अशी श्रद्धा आहे. फिक म्हणजे तो मार्ग समजून घेताना माणसांनी केलेली मांडणी. तिला चार आधार: कुराण, पैगंबरांची सुन्नत, जी हदीसांतून कळते, इज्मा, म्हणजे विद्वानांचे एकमत, आणि कियास, म्हणजे जुन्या नियमावरून नव्या प्रश्नाचा तर्काने काढलेला निर्णय. सुन्नत म्हटले की मराठी माणसाला फक्त सुंता आठवते. ती सुन्नतीतली एक बाब, पण सुन्नत म्हणजे पैगंबरांची एकूण रीत.

मांडणी माणसांची, म्हणून मतभेद आले, आणि त्यांतून सुन्नींचे चार मजहब, म्हणजे शास्त्राच्या चार परंपरा, झाल्या: हनफी, मालिकी, शाफई, हंबली. इमाम अबू हनीफा ७६७ साली वारले, इमाम शाफई ८२० साली. बेळगावच्या पठारावरचे बहुतेक सुन्नी हनफी. घाट उतरून कोकणात गेलात की कोकणी मुसलमान शाफई, भटकळचे नवायतही शाफई. अरबी समुद्रातून व्यापार करत जे आले त्यांनी शाफई रीत आणली, उत्तरेकडून राज्याबरोबर जी आली ती हनफी. फरक कुठे दिसतो? अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजाच्या वेळेत, 'आमीन' मोठ्याने म्हणण्यात, आणि ताटात. शाफईंना समुद्रातले जवळपास सगळे चालते. हनफींना मासा चालतो, खेकडा नाही, आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर त्यांच्या आलिमांत, म्हणजे विद्वानांत, आजही वाद आहे.

हलाल आणि हराम ही दोनच खोकी आहेत असेही नाही. एका टोकाला फर्ज, जे केलेच पाहिजे. मग करावे तर पुण्य असे. मध्ये मुबाह, ज्यात पापही नाही पुण्यही नाही. मग मकरूह, टाळलेले बरे. आणि दुसऱ्या टोकाला हराम. हनफी मंडळी आणखी बारीक पायऱ्या पाडतात, फर्जच्या खाली वाजिब वगैरे. आपल्याकडे हरामची शिवी झाली आणि मधल्या पायऱ्या कुणाला माहीतच नाहीत. जिहादचे तर विचारूच नका. मूळ अर्थ प्रयत्न, शास्त्रात नियम लावलेले युद्धही आणि मनाशी झगडणेही, आणि आता जी भर पडली ती टीव्हीची.

फतवा हा सर्वांत बिघडलेला शब्द. 'साहेबांनी फतवा काढला' म्हणजे मनमानी हुकूम, असा मराठी वर्तमानपत्रांचा वापर. प्रत्यक्षात कुणीतरी प्रश्न विचारतो आणि मुफ्ती शास्त्र पाहून मत देतो, ते मत म्हणजे फतवा. हुकूम काझीचा, मत मुफ्तीचे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की फतव्याला कायद्याचे बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही.

या सगळ्याला न्यायालयाचे रूप आले ते इंग्रजांच्या काळात. १८१८ नंतर हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला आणि १८२७ चे एल्फिन्स्टनचे रेग्युलेशन लागू झाले. त्यात निकालासाठी आधी देशातला रिवाज आणि मग प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा असा क्रम होता. म्हणजे मुसलमानांतही रिवाज पुढे, शरीयत मागे. १८६४ मध्ये न्यायालयांतले काझी आणि पंडित दोघेही घरी गेले. १८८० च्या काझी कायद्याने सरकारला काझी नेमता येऊ लागला, पण न्यायाचा अधिकार न देता, निकाहासारख्या विधींपुरता. पाटलांच्या महजरावर शिक्का मारणाऱ्याच्या हाती निकाहाची वही तेवढी राहिली.

१९३७ च्या शरीयत कायद्याने रिवाज बाजूला सारला, मात्र शेतजमीन त्यातून वगळली. १९३९ च्या कायद्याने मुसलमान स्त्रीला न्यायालयातून घटस्फोटाची कारणे मिळाली. हनफी मतात ती वाट फार अरुंद होती, म्हणून मालिकी मताचा आधार घेतला गेला. निकाहातले शब्द त्यामानाने सोपे आहेत. वधूचा वकील दोन साक्षीदारांसमोर तिची संमती विचारतो (हा कोर्टातला वकील नव्हे), मग ईजाब-कबूल, म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार. मेहर ही नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. ती तिच्या मालकीची, बापाची नाही आणि हुंडा तर नाहीच. नवऱ्याने सोडले तर तलाक, बायकोने मागून घेतला तर खुला, दोघांच्या मर्जीने झाला तर मुबारात. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला आणि २०१९ पासून तो गुन्हा आहे.

राहिला वक्फ. तो या भागात घरोघर पोचला २०२४ च्या शेवटी. विजयपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या जमिनींना वक्फच्या नोटिसा आल्या, पहाणीवर (इकडच्या सातबाऱ्यावर) नोंदी चढल्याचे दिसले, नोव्हेंबरात सरकारने नोटिसा मागे घ्यायला सांगितले, आणि डिसेंबरात बेळगावच्या अधिवेशनातही तोच विषय गाजला. शास्त्रात वक्फ म्हणजे ईश्वराच्या नावे कायमची बांधलेली मिळकत. ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. मुतवल्ली तिचा व्यवस्थापक, मालक नव्हे. गुंता इनाम जमिनींमुळे झाला. मशीद किंवा दर्ग्यासाठी दिलेले इनाम वेगळे आणि काझीच्या घराण्याला निर्वाहासाठी दिलेले वेगळे, पण कागदात दोन्ही नुसते 'इनाम'. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. तिथे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली मशिदी आणि देवळे एकाच खात्याकडे नोंदली जात. म्हैसूर राज्यात गेल्यावर खाते बदलले. पुढे १ मार्च १९७४ पासून सुधारित भूसुधारणा कायद्याने कसणारी कुळे जमिनीची मालक होऊ लागली, आणि त्याच सुमारास वक्फ मिळकतींच्या याद्याही राजपत्रात येत होत्या. एकाच सर्व्हे नंबरावर दोन सरकारी कागद तयार झाले असतील तर नवल नाही.

२०२५ च्या दुरुस्तीने 'वहिवाटीने वक्फ', म्हणजे दस्त नसला तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरावरून मानलेला वक्फ, पुढच्या काळासाठी बंद केला. त्या कायद्याची काही कलमे १५ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने थांबवली, नोंदणीची सक्ती मात्र कायम ठेवली. मिळकतींची माहिती केंद्राच्या उमीद पोर्टलवर चढवायची, असाही त्या कायद्याचा नियम आहे. सीमाभागातल्या जुन्या इनामांचे कागद फारसीत किंवा मोडी मराठीत आहेत, तेव्हा इथल्या मुतवल्लीला संगणकवाल्याच्या आधी मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो.