घरगुती रेकॉर्डिंग: टेपकडून कॉम्प्युटरकडे (इंदूर)

घरगुती रेकॉर्डिंग म्हणजे स्टुडिओत न जाता घरच्याच खोलीत, गच्चीवर नाहीतर बैठकीत झालेलं गाणं-वाजवणं टिपून ठेवणं. ते टेपवरून कॉम्प्युटरवर आलं साधारण १९९०च्या दशकाच्या शेवटी आणि २०००नंतरच्या काही वर्षांत, एका दिवसात नाही, आणि बऱ्याच घरांत दोन्ही गोष्टी बरीच वर्षं शेजारी शेजारी होत्या. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगरसारख्या मराठी वस्त्यांमधे बोली अजून टेपचीच आहे, मोबाइलवर घेतलं तरी आजी विचारते "टेप केलंस का रे?"

इंदूरला या सवयीला खास कारण आहे, इथे गाणं घराघरात होतं. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ याच गावात वाढलेले, आणि ३५-४० किलोमीटरवर देवासला १९४८ पासून गायक कुमार गंधर्व. ख्याल, म्हणजे सावकाश फुलवत न्यायचा शास्त्रीय गायनप्रकार, टेप करायचा म्हटला की पहिली अडचण वेळेची. कॉम्पॅक्ट कॅसेट फिलिप्सने १९६३ साली आणली, तिची टेप ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, आणि सी-६०ची एक बाजू ३० मिनिटांची. अमीर खाँसाहेबांच्या पद्धतीचा अतिविलंबित (अगदी संथ लयीतला) झुमरा ताल लावलात तर १४ मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, संपायलाच बराच वेळ लागतो, मग बढत (रागाचा विस्तार) नुकती रंगात येतेय आणि खटकन बटण वर, कुणीतरी धावत जाऊन बाजू उलटतोय, तोवर एक सम (आवर्तनाची पहिली मात्रा) गेलेली असते. जुन्या घरगुती कॅसेट ऐकताना अशा हरवलेल्या समा खूप सापडतात.

एकट्यानेच दोन-तीन आवाज भरायचे तर डबल डेकचा जुगाड. पहिल्या कॅसेटवर पेटी, ती वाजवत ठेवून वर गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या कॅसेटवर घ्यायचं, परत तेच करायचं. दर फेरीला टेपचा सूंऽऽ वाढतो आणि आधीचं काही सुधारता येत नाही, पेटी जोरात झाली असेल तर ती जन्मभर जोरातच. यासाठी चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणारं, पोर्टास्टुडिओ मशीन १९७९ पासून होतं, त्यात कॅसेट दुप्पट वेगाने आणि एकाच दिशेने चालायची, म्हणजे सी-६०त फक्त १५ मिनिटं. आपल्याकडे ते विरळाच, बहुतेकांचं काम साध्या डेकवर भागायचं. स्पिरिटचा बोळा फिरवून हेड साफ करायचं, टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची.

कॉम्प्युटरवर आवाजाचे आकडे होतात. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, त्यामुळे स्टीरिओचं एक मिनिट साधारण १० एमबी, आणि तेव्हाच्या ४ जीबीच्या हार्ड डिस्कवर सगळी रिकामी केली तरी जेमतेम साडेसहा तास. आज हसू येतं, तेव्हा पोराचे गेम उडवून बैठकीसाठी जागा करावी लागायची. सॉफ्टवेअरमधे ऑडॅसिटी २००० साली आलं, फुकट, आणि त्याने बराच फरक पडला. आवाज डोळ्यांना दिसायला लागला. कुठे खोकला आला, कुठे समेवर टाळी पडली ते बघून कापता यायला लागलं, आणि चुकलं तर कंट्रोल झेड.

टेपमधे नसलेली एक नवी कटकट मात्र आली, लॅटन्सी, म्हणजे आवाज उशिरा ऐकू येणं. चार ट्रॅकमधे ऐकवणारं आणि भरणारं हेड एकच, त्यामुळे नवा आवाज जुन्यावर बरोबर बसायचा. कॉम्प्युटर आवाज बफरमधे, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवून पुढे पाठवतो, १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, तेही एकाच बाजूचे, आणि विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज जायचा. हेडफोनमधे स्वतःचाच आवाज मागून येतो, तबलजी म्हणतो गवई मागे पडतोय, गवई म्हणतो तबलजी पळतोय, आणि दोघंही बरोबर असतात. स्टाइनबर्ग कंपनीचा असिओ, हा उशीर कमी करणारा ड्रायव्हर, १९९७ साली आला त्यानंतर हे पुष्कळ आटोक्यात आलं.

दुसरी सवय मोडावी लागते ती लेव्हलची. टेपवर काटा थोडा लालमधे गेला तरी ती सांभाळून घेते, आवाज जरा जाडसर होतो इतकंच. कॉम्प्युटरवर शून्य डेसिबलच्या वर काही नाहीच, तान वरच्या सा ला गेली की कर्रर्र. म्हणून आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवलेली बरी.

जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना खरी गंमत पट्टीची असते. आमच्याकडे आजोबांच्या गाण्याची १९८०च्या दशकातली एक कॅसेट आहे, ती लावली तर आजी म्हणाली, "यांचा आवाज इतका बारीक कधी नव्हता." प्लग लांब पडायचा म्हणून तेव्हा रेकॉर्डर सेलवर चालवलेला, सेल उतरलेले, टेप हळू फिरली, आणि आता नीट वेगाने वाजवली की सगळं वर चढतं. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा माणूस अर्धा सूर वर, पांढरी दोनमधे. घरात तीच पेटी अजून होती, ती लावून बघितली तर बरोबर अर्ध्या सुराचा फरक निघाला, म्हणजे वेगात जवळजवळ ६ टक्के. दुसरी खूण माइकच्या वायरीत शिरलेला विजेचा हम (गुणगुण), तो ५० हर्ट्झऐवजी ५३च्या जवळ दिसत होता (ग्रिडची फ्रिक्वेन्सी तेव्हा बरीच वर-खाली व्हायची, म्हणून नुसत्या हमवर विसंबू नये). इथे ऑडॅसिटीतलं 'चेंज पिच' (नुसता सूर बदलणारं) वापरायचं नाही, 'चेंज स्पीड' (नव्या आवृत्तीत 'चेंज स्पीड अँड पिच') वापरायचं, कारण लयही तितकीच चढलेली असते. ३० मिनिटांची बाजू मग ३२ मिनिटांच्या जवळ जाते. सेल वाजवता वाजवता उतरत गेले असतील तर शेवटाकडे वेगळा आकडा लागतो, तुकडे पाडून करा.

सूं काढायचा मोह सगळ्यांना होतो. पण कॅसेटचा सूं आणि तानपुऱ्याच्या जवारीचा (तारेच्या झणझणीत गुंजनाचा) वरचा भाग साधारण एकाच फ्रिक्वेन्सीच्या जागी असतो, नॉइज रिडक्शन जास्त लावलं की जवारी जाते आणि गाणारा विहिरीत बसल्यासारखा वाटतो. थोडा सूं राहू द्यावा. मूळ फाइल जशी निघाली तशी वेगळी ठेवावी, आणि कॅसेटही टाकू नये, फक्त तिच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे मोडून ठेवावेत, नाहीतर नवरात्रात कुणीतरी तिच्यावर गरबा भरेल.