ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पॅन व फिल्टर बदलणे

ऑटोमॅटिक मोटारीच्या गिअरबॉक्सच्या तळाला तेल साठवणारे एक उथळ, परातीसारखे झाकण बोल्टांनी बसवलेले असते. त्याला पॅन म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांत ‘चेंबर’ हा शब्द चालतो. पॅन उतरवायचा, आतला फिल्टर व पॅकिंग बदलायचे आणि जेवढे तेल गेले तेवढे नवे भरायचे, असे हे काम आहे. घरच्या घरी ते करण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकेतली. जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून बाजारात आला, पुढे तिथे ऑटोमॅटिक हीच नेहमीची गाडी झाली, आणि ज्याच्या घराला स्वतःचे गॅरेज आहे तो जॅक लावून गाडीखाली शिरू लागला.

फिल्टर पंपाच्या तोंडाशी, ओढीच्या बाजूला असतो. पंप पॅनमधले तेल त्यातून वर खेचतो, आणि त्याच तेलाच्या दाबावर क्लच पकडतात व गिअर बदलतात. त्यामुळे फिल्टर तुंबला की पंप उपाशी राहतो: रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग हलते, पंपाचा घूं असा आवाज येतो. फिल्टरच्या नळीवरचे सील नीट बसले नाही, तरी हेच होते, कारण मग तेलाबरोबर हवाही ओढली जाते. फोर-एल-सिक्स्टी-ई या जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्ये जुना फिल्टर खाली येतो, पण त्याचे सील पुष्कळदा वरच्या भोकातच अडकून राहते. ते न काढता नवे सील त्यावर दाबणे ही नवख्यांची ठरलेली चूक. काढतानाही भोकाच्या ॲल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा उठू द्यायचा नसतो.

कामातली घाण बरीचशी टाळता येते. जुन्या अमेरिकी गाड्यांच्या पॅनला बहुधा ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायचे बूच, नसतो. म्हणून गाडी जॅक स्टँडवर घेऊन (नुसत्या जॅकवर कधीही नाही) एका बाजूचे बोल्ट काढायचे, दुसरीकडचे नुसते सैल करायचे आणि पॅन तिरका करून तेल रुंद भांड्यात ओतू द्यायचे. तेल कोमट असावे. गाडी नुकतीच लांबून आलेली असेल तर हात भाजतो. कोणता गिअरबॉक्स आहे हे पॅनवरूनच ओळखतात. टर्बो हायड्रा-मॅटिक 350 आणि 400 या दोन्हींना 13 बोल्ट, पण 350 चा पॅन एक कोपरा कापलेला चौकोन, तर 400 चा वेडावाकडा. फोर्डच्या सी-6 ला 17 बोल्ट. फिल्टर व पॅकिंगचे किट मागवण्याआधी खाली वाकून बोल्ट मोजलेले बरे.

या कामात पॅन उघडून पाहणे हे तेल बदलण्याइतकेच मोलाचे आहे, कारण एरवी बंद असलेल्या पेटीत डोकावायची हीच एक संधी. पॅनच्या तळाशी लोहचुंबक असतो. त्यावर काळपट राखाडी, बोटांत चोळल्यावर ग्रीससारखा लागणारा लगदा चढलेला दिसतो. हा लोखंडाचा बारीक चुरा असून वर्षानुवर्षे चाललेल्या गिअरबॉक्समध्ये तो असायचाच. चिंता करायची ती बोटाला टोचणाऱ्या कपच्यांची, पितळी चकाकीची किंवा तेलाला येणाऱ्या जळक्या वासाची. काही जुन्या फोर्ड गाड्यांच्या पॅनमध्ये प्लॅस्टिकचे एक छोटे बूच सापडते आणि पाहणारा दचकतो. डिपस्टिकची (तेलाची पातळी पाहायच्या पट्टीची) नळी बसेपर्यंत भोक झाकायला कारखान्यात लावलेले हे बूच जोडणीच्या वेळी आत ढकलले जाते व तिथेच राहते. ते सापडले याचा अर्थ एवढाच, की हा पॅन आजवर कोणी उघडलेला नाही.

पॅन परत बसवताना जोर हा शत्रू. चाकाचे नट 100 न्यूटन-मीटरच्या आसपास कसतात, पॅनचे बोल्ट साधारण 10 ते 15. ‘अजून थोडा’ म्हणत पाना फिरवला की एकतर केसिंगमधले आटे जातात किंवा पॅनची कड बोल्टाच्या भोकाभोवती वर उचलली जाते आणि मधून तेल झिरपते. वाकलेली कड लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट करता येते. सिलिकॉनची ट्यूब पिळण्याचा मोह मात्र आवरावा. जादा सिलिकॉन आत सुटून तेलाच्या वाटा अडवते.

पॅन उतरवला तरी सगळे तेल येत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागात, राहते. फोर-एल-सिक्स्टी-ई मधून या रीतीने सुमारे 5 लिटर निघते, जे एकूण तेलाच्या निम्म्याच्या आसपास आहे. काही दिवसांनी पुन्हा तेवढेच बदलले तर जुने तेल पाव हिस्सा उरते. ‘जुने तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो’ ही समजूत इथेही आहे आणि अमेरिकेतही. बहुतेक वेळा असा गिअरबॉक्स आधीच घसरत असतो, म्हणूनच तर मालकाला तेलाची आठवण होते.

तेल कोणते, याला तडजोड नाही. जनरल मोटर्सचे डेक्सरॉन, फोर्डचे मर्कॉन, क्रायस्लरचे एटीएफ प्लस फोर ही वेगवेगळी मानके आहेत. रंग लाल म्हणून तेल एकच असे नव्हे. एकेकाळी या तेलांत क्लचची पकड गुळगुळीत ठेवायला स्पर्म देवमाशाचे तेल घालत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला.

नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते आणि घरगुती काम तिथे अवघड होते. जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या सहा-गिअरी 6 एचपी मालिकेत अनेक गाड्यांना प्लॅस्टिकचा पॅन असतो व फिल्टर त्यातच घडवलेला, त्यामुळे पूर्ण पॅन बदलावा लागतो. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून झालेले आणि तेल 30 ते 50 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना भरणीच्या भोकातून तेल गळू लागेपर्यंत भरायचे. तापमान वाढले की तेल फुगते आणि लेव्हल खोटी दिसते. हे तेल ‘आयुष्यभराचे’ असे काही मोटार कंपन्या सांगत आल्या, तर गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी बदलायला सांगते. गाडी वॉरंटीनंतरही वापरायची असेल, तर बनवणाऱ्याचे ऐकावे.

महाराष्ट्रात हे काम घरी क्वचितच होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावून तेल सांडलेले कोणाला खपत नाही, आणि निघालेले तेल गटारात ओतता येत नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे. शिवाय इथली प्रत्येक ‘ऑटोमॅटिक’ या प्रकारातली नसते. 2014 मध्ये मारुती सुझुकी सेलेरियोबरोबर आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स, ज्यात क्लच व गिअर यंत्राने हलतात. तिला असा पॅन-फिल्टर नसतो. होंडाच्या अनेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये उतरवायचा पॅनच नाही. खालचा प्लग उघडून तेल बदलायचे, फिल्टर आत बंद. या नोंदीतले वर्णन लागू पडते ते इनोव्हा क्रिस्टासारख्या टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांना, आणि तिथेही लेव्हल पाहण्याची रीत त्या-त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावी लागते.