नटांचा टपाल-प्रचार

अमेरिकेत, जास्त करून न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये, नट-नट्या आपला फोटो, रेझ्युमे आणि छोटी पोस्टकार्डं टपालाने कास्टिंग डायरेक्टर (रोलसाठी नट निवडणारे) आणि एजंटना पाठवत आल्या आहेत, ती प्रथा म्हणजे हा टपाल-प्रचार. स्टार लोकांना याची गरज पडत नाही, त्यांची माणसं असतात. हे सगळं आहे ते एका मालिकेत एक दिवस काम, मग दोन महिने काहीच नाही, मग एखादी जाहिरात असं करत पोट भरणाऱ्या नटाचं, आणि खरं तर या धंद्यात बहुसंख्य तेच असतात.

पूर्ण पाकीट म्हणजे ८ बाय १० इंचाचा फोटो, ज्याला तिकडे हेडशॉट म्हणतात, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून स्टेपल केलेला रेझ्युमे. तिकडचा नेहमीचा कागद साडेआठ बाय ११ इंचाचा, म्हणून रेझ्युमे कापून फोटोच्या मापाचा करायचा, नाहीतर कडा बाहेर येऊन फाईलमध्ये दुमडतात. रेझ्युमेत वर नाव आणि युनियन (सिनेमा-टीव्हीवाल्यांची सॅग आणि टीव्ही-रेडिओवाल्यांची आफ्ट्रा या युनियन २०१२ पर्यंत वेगळ्या होत्या, मग एक झाल्या, नाटकवाल्यांची इक्विटी अजूनही वेगळीच), मग कामं, मग ट्रेनिंग, शेवटी येत असलेल्या भाषा, घोडेस्वारी वगैरे. वय लिहीत नाहीत, घरचा पत्ताही नाही, कारण हा कागद कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. फोटो बरीच वर्षं ब्लॅक अँड व्हाइटच चालायचे, २००० नंतर हळूहळू सगळे रंगीत झाले.

पण हे पाकीट एकदाच पाठवायचं असतं, पुढचं खरं काम पोस्टकार्ड करतं. एका बाजूला तोच फोटो आणि नाव-नंबर, दुसरीकडे हाताने दोन ओळी. पाकीट फोडावं लागत नाही त्यामुळे चेहरा बघितला जातोच, कचऱ्यात टाकायला उचललं तरी बघितला जातो. खर्चही कमी, ४.२५ बाय ६ इंचाच्या आत राहिलं तर पोस्टकार्डाचं स्वस्त तिकीट चालतं, त्याहून मोठं झालं की पत्राचं लागतं. आणि फोटो हेडशॉटवालाच हवा, दरवेळी नवा फोटो टाकला तर ओळखच बसत नाही.

दोन ओळींमध्ये काय लिहायचं यावर सगळं अवलंबून आहे. "मला काम द्या" हे लिहायचं नाही, ते सगळेच लिहितात. बातमी लिहायची, म्हणजे अमुक मालिकेत को-स्टार (तिकडे छोट्या बोलत्या रोलला म्हणतात) मिळाला, गुरुवारी एपिसोड आहे, किंवा तुमच्याकडे मंगळवारी नर्सच्या रोलसाठी ऑडिशन दिली होती, बोलावल्याबद्दल आभार. अशाने वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस काम करतोय आणि बाकीचे लोक त्याला घेतायत. बातमीच नसेल तर थांबावं असं माझं मत आहे, नुसतं हॅलो लिहिलेली कार्डं दर आठवड्याला आली की माणूस नाव लक्षात ठेवतो ते टाळण्यासाठी.

याचा उपयोग सगळीकडे सारखा होत नाही. मोठे रोल एजंटमार्फतच भरले जातात, तिथे कार्ड पाठवून फार काही होत नाही. पण दर आठवड्याला एपिसोड काढणाऱ्या मालिकांना वेटर, पोलिस, रिसेप्शनिस्ट असे दोन-चार ओळींचे रोल सतत लागतात आणि घाईत लागतात, अशा वेळी ऑफिसमधली माणसं ओळखीचे चेहरे आठवतात. डेली सोपमध्ये तर पाच किंवा त्याहून कमी ओळींच्या रोलला अंडर-फाइव्ह असं नावच आहे आणि त्यासाठी नटांनी थेट ऑफिसला कार्ड पाठवणं नेहमीचं होतं. म्हणूनच दोनशे ऑफिसांना एकच मजकूर छापून पाठवण्यापेक्षा आपल्या टाइपचे रोल जिथे असतात अशी वीस ऑफिसं निवडून लिहिलेलं केव्हाही बरं. त्यासाठी कोण कुठली मालिका कास्ट करतंय हे माहीत पाहिजे, आणि ही माणसं ऑफिस सारखी बदलतात, तेव्हा यादी जुनी झाली की तिकीट वाया.

एजंटांचं टपाल वेगळं चालायचं. १९७१ मध्ये गॅरी मार्शने ब्रेकडाउन सर्व्हिसेस सुरू केली, त्यात स्क्रिप्ट वाचून कुठले रोल आहेत, कसा माणूस हवाय याचा गोषवारा एजंटांना मिळायचा आणि मग तिकडून फोटोंची पाकिटं त्याच दिवशी निघायची. इंटरनेट आल्यावर हेच काम ऑनलाइन झालं, नटांनाही त्यांच्याच अ‍ॅक्टर्स अ‍ॅक्सेस या वेबसाइटवरून स्वतः अर्ज करता यायला लागला, आणि फोटोंचे गठ्ठे जवळपास बंद पडले. आता बरंच ईमेलवर चालतं, त्यात जड अटॅचमेंट टाकायची नाही, फक्त लिंक द्यायची आणि सब्जेक्टमध्येच बातमी लिहायची.

कागदी कार्ड त्यामानाने कमी झालंय पण गेलेलं नाही. ऑडिशननंतरचे आभार अजून बरेच नट हाताने लिहून पाठवतात, आणि नाटक लागलं की तारखा, थिएटरचं नाव आणि तुमच्यासाठी फुकट तिकीट ठेवतो एवढं लिहिलेलं कार्ड जातं, कारण नट प्रत्यक्ष काम करताना दिसणं हे कुठल्याही फोटोपेक्षा जास्त उपयोगाचं.